साथीदाराचा कान, यजमानाचं हसू

ग्लेन कॅम्पबेलच्या नावावर साठहून अधिक अल्बम आहेत. त्यांतले बरेचसे आज मुद्दाम शोधून ऐकावेत असे नाहीत. पण त्याच ढिगाऱ्यात ‘विचिटा लाइनमन’ आहे, आणि साठच्या दशकातल्या अमेरिकी गाण्यांची कितीही कडक निवड केली तरी ते बाहेर ठेवता येत नाही. स्टुडिओतला भाडोत्री गिटारवादक, कंट्री गायक, टीव्हीवरचा लाडका यजमान, जॉन वेनसोबतचा नट, नाट्यगृहाचा मानकरी आणि शेवटी स्मृती गमावत असतानाही मंचावर उभा राहिलेला म्हातारा, एवढं सगळं एका माणसानं पन्नासेक वर्षांत केलं. गंभीर समीक्षकांनी त्याला बराच काळ ‘गोडगोड’ म्हणून बाजूला ठेवलं, तर चाहत्यांनी त्याचं सगळंच सारखं मानलं. दोन्ही बाजूंनी निवड करण्याचे कष्ट टाळले. हा हरहुन्नरीपणा कुठे कला होता आणि कुठे नुसती सवय, हे पाहिलं तर कंट्री गायक आणि टीव्ही यांच्या एकूण नात्याबद्दलही काही हाती लागतं.

आर्कान्सॉ राज्यात डिलाइट नावाच्या गावाजवळ, बिल्सटाउन या वस्तीत १९३६ साली त्याचा जन्म झाला. घर दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्याचं, बारा भावंडं. सीअर्सच्या कॅटलॉगमधून पाच डॉलरची गिटार आली, ती चार वर्षांच्या ग्लेनच्या हातात पडली आणि एका काकानं त्याला बोटं धरायला शिकवलं. पुढे न्यू मेक्सिकोत आल्बुकर्कीला दुसऱ्या नातेवाइकाच्या बँडमध्ये उमेदवारी झाली. १९६० साली तो लॉस एंजलिसला आला. कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल टेनेसीत, आणि हा गडी कॅलिफोर्नियात, पॉप आणि सिनेमाच्या बाजारात. त्याच्या गाण्याचा पुढचा सगळा स्वभाव या पत्त्यानं घडवला.

लॉस एंजलिसमध्ये वादकांची एक फळी होती, जिला पुढे ‘रेकिंग क्रू’ हे नाव पडलं. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर कॅरल के आणि जो ऑझबर्न. तीन-तीन तासांच्या सेशनमध्ये हे लोक कुणाच्याही गाण्याला साथ करत, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव बहुधा नसे. कॅम्पबेल त्यांच्यात शोभून दिसला. स्वरलिपी वाचण्यात तो कच्चा होता, पण एकदा ऐकलेली चाल त्याच्या कानातून सुटत नसे. फ्रँक सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’, एल्व्हिसचं ‘व्हिवा लास व्हेगस’ अशा एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार आहे. १९६४च्या अखेरीस बीच बॉइजच्या ब्रायन विल्सननं दौरे करणं सोडलं, तेव्हा त्याच्या जागी बास वाजवायला आणि वरच्या पट्टीतला सूर लावायला कॅम्पबेलच गेला.

या साथीच्या धंद्यानं त्याला गाण्यात किती जागा घ्यायची हे शिकवलं. सेशन-वादकाला आपलं कसब दाखवायला चार मात्रा मिळतात, उरलेला वेळ दुसऱ्याचं गाणं पेलायचं असतं. कॅम्पबेलचा आवाज स्वच्छ, उंच आणि सहज चढणारा होता. असा आवाज लाभलेला गायक दाखवण्याच्या मोहात सहज पडतो. त्याच्या उत्तम गाण्यांत तो मोह नाही. शब्द तो सरळ ठेवतो, ओळीच्या शेवटी कंप हलकासाच देतो आणि पुढच्या ओळीला वाट करून देतो.

१९६७ साली जॉन हार्टफर्डचं ‘जेंटल ऑन माय माइंड’ त्यानं ऐकलं आणि सहकाऱ्यांना कल्पना यावी म्हणून एक कच्ची फीत केली. ओळींच्या मध्ये तो वादकांना सूचना देत होता. निर्माता अल डी लोरी यानं त्या सूचना पुसल्या आणि तीच कच्ची फीत बाजारात आणली. पुढच्या वर्षी घडलेलं याहून नवलाचं आहे. ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ गाजल्यावर कॅम्पबेलकडून त्या गाण्याच्या तरुण गीतकाराला, जिमी वेबला निरोप गेला, की असंच एखाद्या गावाचं गाणं दे. वेबनं ‘विचिटा लाइनमन’ पाठवलं, पण ते पुरं झालेलं नाही असं त्याचं म्हणणं होतं. इकडे ध्वनिमुद्रण होऊनही गेलं. जिथे आणखी एक कडवं हवं होतं, तिथे कॅम्पबेलनं कॅरल केच्या सहा तारांच्या बास गिटारवर मूळ चालच जाड, घुमणाऱ्या आवाजात वाजवली. गाण्याची सुरुवात एका स्वरकेंद्रावर होते, ते हळूच दुसऱ्याकडे सरकतं आणि पहिल्या घरी परत येतच नाही. वर व्हायोलिनं तारायंत्रासारखी टिकटिकत राहतात. खांबावर चढून तारा दुरुस्त करणाऱ्या एका कामगाराचं एकाकीपण शब्दांत जेवढं आहे, त्याहून अधिक या न मिटलेल्या स्वररचनेत आहे. गाणं अपुरं आहे हे ओळखून त्याला तसंच सोडणं हा साथीदाराच्या कानाचा निर्णय होता.

ही तिन्ही गाणी त्यानं लिहिलेली नाहीत, आणि त्याच्या उपेक्षेचं एक कारण तेच. बॉब डिलननंतरच्या अमेरिकेत आपलं गाणं आपणच लिहिणारा तो खरा कलावंत, असं माप रूढ झालं. दुसऱ्याचं लिहिलेलं गाणारा तो नुसता करमणूक करणारा. भावगीताच्या परंपरेत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे माप विचित्र वाटेल, कारण कवी, संगीतकार आणि गायक ही तीन माणसं असणं इथे गृहीतच आहे. वेब आणि कॅम्पबेल यांची जोडी त्या नजरेनं पाहिली तर नीट कळते. ‘फीनिक्स’ हे गाणं आयझॅक हेजनं १९६९ साली अठरा मिनिटांहून लांब केलं, आधी प्रदीर्घ निवेदन, मग गाणं. कॅम्पबेलनं ते तीन मिनिटांच्या आत आटोपलं होतं. हेजनं नात्याची सगळी पार्श्वभूमी उभी केली, तर कॅम्पबेलनं ती श्रोत्याच्या अंदाजावर सोडली. दोन्ही वाचनं आपापल्या जागी पक्की आहेत, आणि दुसऱ्याचं गाणं गाणं हीसुद्धा एक निर्मिती आहे याचा याहून चांगला पुरावा नको.

मग टीव्ही आला. कंट्री गायक टीव्हीवर नवे नव्हते. टेनेसी अर्नी फोर्डनं पन्नासच्या दशकात एनबीसीवर आपला कार्यक्रम चालवला होता. जिमी डीननं १९६३पासून एबीसीवर. पोर्टर वॅगनरचा नॅशव्हिलचा कार्यक्रम गावोगावच्या स्टेशनांवर विकला जाई, आणि डॉली पार्टन १९६७ साली त्यातूनच देशभर पोहोचली. कॅम्पबेलला दार उघडलं ते विनोदवीर स्मदर्स बंधूंनी. त्यांच्या सीबीएसवरच्या कार्यक्रमाच्या उन्हाळी सुटीत, १९६८ साली, त्यांनी त्याला यजमान केलं. जानेवारी १९६९मध्ये ‘द ग्लेन कॅम्पबेल गुडटाइम अवर’ सुरू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीबीएसनं खुद्द स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम बंद केला, कारण त्यांची राजकीय थट्टा वाहिनीला झेपेना. ज्यांनी दार उघडलं ते बाहेर गेले आणि हसरा पाहुणा घरात राहिला.

त्या तासाभराला निव्वळ गोडवा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल. कॅम्पबेल यजमान म्हणून ज्या कामात तयार होता, ते टीव्हीवर क्वचित दिसतं. पाहुण्याशेजारी बसून त्याच्या गाण्याला साथ करणं. हार्टफर्ड बँजो घेऊन येई, जेरी रीड गिटार घेऊन. स्टीव्ही वंडर आला, मर्ल हॅगर्डनं इतर कंट्री गायकांच्या नकला करून दाखवल्या. यजमान क्षणात दुसरा आवाज लावी किंवा गिटारवर मागचं काम सांभाळी. वादकांच्या खोलीत होणारी ही गोष्ट प्रेक्षकांना घरबसल्या दिसू लागली. लिहिणाऱ्यांत स्टीव्ह मार्टिनसारखी पुढे गाजलेली पोरं होती.

पण टीव्हीनं घेतलेली किंमतही मोठी होती. तासाला दर आठवड्याला गाणी लागतात, आणि प्रत्येक गाणं नीटनेटकं, वेळेत संपणारं लागतं. त्याच्या ध्वनिमुद्रणांतली मोकळी जागा इथे वाद्यवृंदानं, विनोदानं आणि हास्यानं भरून निघाली. ‘गॅल्व्हस्टन’चं उदाहरण बोलकं आहे. वेबनं ते घरच्या ओढीनं आणि मरणाच्या भीतीनं व्याकूळ झालेल्या सैनिकाचं गाणं म्हणून लिहिलं होतं. कॅम्पबेलनं लय वाढवली आणि व्हिएतनामच्या ऐन धामधुमीत ते बऱ्याच कानांना उमेदीचं, देशप्रेमाचं गाणं वाटलं. संगीत म्हणून त्याची आवृत्ती झकास आहे, भीती मात्र तिच्यात पातळ झाली. त्याच सुमारास जॉनी कॅशचा कार्यक्रम एबीसीवर, नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातून होई. पहिल्याच भागात त्यानं डिलनला आणलं, आणि ख्रिस क्रिस्टॉफरसनच्या गाण्यातला वाहिनीला खटकणारा शब्द त्यानं न बदलता गायला. कॅशच्या मंचावर कधीमधी घर्षण होई. कॅम्पबेलच्या मंचावर ते होऊ नये अशीच सगळी बांधणी होती. तिसरं टोक ‘ही हॉ’ या टीव्ही कार्यक्रमाचं. तिथे रॉय क्लार्कसारखा अव्वल गिटारवादक गवताच्या गंज्यांमध्ये विदूषकी करत होता. तिघांतही कलावंत शाबूत होता, टीव्हीनं कुणाचा कोणता भाग पुढे ठेवला एवढाच फरक.

१९७१ साली सीबीएसनं ग्रामीण वळणाचे कार्यक्रम धडाधड बंद केले, कारण जाहिरातदारांना शहरी आणि तरुण प्रेक्षक हवा होता. ‘ही हॉ’ गेला, पण स्थानिक स्टेशनांच्या आधारानं पुढे वीसेक वर्षं जगला. ‘गुडटाइम अवर’ १९७२मध्ये संपला. व्यासपीठ गेल्यावरही कॅम्पबेलची सर्वांत मोठी विक्री पुढे व्हायची होती. लॅरी वाइसचं ‘राइनस्टोन काउबॉय’ त्यानं १९७५ साली कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांच्या शिखरावर नेलं. चमकदार खड्यांचा पोशाख घालून यशाची वाट पाहणाऱ्या गायकाचं हे गाणं जो गात होता, तो स्वतः केव्हाच यशस्वी झालेला आणि दारू-कोकेनच्या विळख्यात सापडलेला होता. त्यामुळे त्यातला आनंद थोडा ताणलेला वाटतो, आणि तो ताण गाण्याला उपयोगीच पडला. १९७७च्या ‘सदर्न नाइट्स’बद्दल असं म्हणवत नाही. ॲलन टूसाँच्या मूळ गाण्यात लुइझियानातल्या रात्रींचं धूसर, स्वप्नासारखं वातावरण होतं. कॅम्पबेलनं जेरी रीडकडून उचललेली एक टुमदार गिटारची लकेर घालून ते नाचरं केलं. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यातली रात्र मात्र मागेच राहिली.

पुढच्या दोन दशकांवर रेंगाळण्यात अर्थ नाही. भक्तिगीतं झाली, नाताळचे अल्बम झाले, छोटा टीव्ही कार्यक्रम झाला, आणि १९९४ साली मिसुरीतल्या ब्रॅन्सन या गावात त्याच्या नावाचं नाट्यगृह उघडलं. ब्रॅन्सन म्हणजे बसगाड्या भरून येणाऱ्या निवृत्त पर्यटकांसाठी जुन्या गायकांनी रोज जुनीच गाणी गायचं ठिकाण. टीव्हीचा तास तिथे तिकीट लावून जिवंत ठेवला गेला. २००५ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं त्याला सामावून घेतलं. २००८च्या ‘मीट ग्लेन कॅम्पबेल’ या अल्बमात त्यानं रॉक गीतकारांची गाणी गायली. निवड कधी कधी कृत्रिम वाटली, तरी शब्दाला धक्का न लावता तो उभा करण्याची जुनी पद्धत शाबूत होती.

२०११मध्ये अल्झायमर झाल्याचं त्यानं जाहीर केलं आणि निरोपाच्या दौऱ्यावर दीडशेहून अधिक कार्यक्रम केले. सोबत वाजवायला त्याची मुलं होती. जेम्स कीचच्या ‘आय विल बी मी’ या माहितीपटात ते सगळं आहे, आणि तो पाहताना अस्वस्थ करणारा प्रश्न येतोच. हे प्रेक्षकांना दाखवायला हवं होतं का? मला वाटतं, माहितीपट जिथे डोळ्यांत पाणी आणायला धडपडतो तिथे तो टीव्हीचीच जुनी खोड गिरवतो. पण शब्द समोरच्या पडद्यावर वाचणाऱ्या या माणसाची बोटं गिटारवरची जागा बिनचूक घेतात, तेव्हा आजाराची करुण कथा मागे पडते आणि लहानपणापासूनची तालीम समोर येते. ‘आय अ‍ॅम नॉट गोना मिस यू’ या शेवटच्या गाण्यासाठी रेकिंग क्रूचे उरलेले सोबती पुन्हा जमले. आपल्या विस्मरणाचं दुःख आपल्याला होणार नाही, ते इतरांच्या वाट्याला येईल, हे तो त्यात कोरड्या आवाजात सांगतो. त्याच्या सहलेखनाची मोजकीच गाणी लक्षात राहतात, त्यांत हे पहिलं. त्यात एकही रंगवलेली ओळ नाही. ८ ऑगस्ट २०१७ रोजी नॅशव्हिलमध्ये तो गेला.

आज अमेरिकी टीव्हीवर कंट्री गायकांना जागा नाही असं मुळीच नाही. कॅरी अंडरवूड ‘अमेरिकन आयडल’ जिंकून मोठी झाली. ब्लेक शेल्टन ‘द व्हॉइस’च्या खुर्चीत दशकाहून अधिक काळ बसला, आणि रीबा मॅकएन्टायर विनोदी मालिकेतून त्याच खुर्चीपर्यंत आली. पण या कार्यक्रमांत नामवंत गायकाचं मुख्य काम निवाडा देण्याचं आहे. ‘द व्हॉइस’मध्ये तर तो गाणाऱ्याकडे पाठ करून बसतो आणि पसंत पडलं तर खुर्ची वळवतो. कॅम्पबेलच्या कार्यक्रमात तो खुर्ची ओढून गाणाऱ्याशेजारी बसायचा आणि पट्टी विचारून सुरू करायचा. त्या तासात कच्चं, खोटं आणि अतिगोड पुष्कळ होतं, आणि ते आजही चालू आहे. गेली ती शेजारी बसून साथ करण्याची रीत. ती परत आणायला मोठा वाद्यवृंद किंवा जुना पोशाख लागत नाही. दुसऱ्याचं गाणं आपल्याहून मोठं मानणारा, आणि तरीही नावाजलेला असा गायक लागतो. असा गायक घडायचा तर त्याला आधी काही वर्षं बिननावाची साथ करावी लागेल, आणि प्रसिद्धीपासून सुरुवात करणाऱ्या आजच्या स्पर्धांमध्ये तेवढी उमेदवारी करायला कुणाला वेळ मिळत नाही.