गालबोट नेमकं कुणाच्या गालाला?

२ फेब्रुवारी २०२५चा रविवार. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या लढती चालू होत्या आणि मी पुण्यात घरी होतो. भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. काही सेकंदांची. एक पैलवान पंचांची कॉलर धरतो, लोक मध्ये पडतात, आणि तेवढ्यात तो पंचांना लाथ मारतो. मी ती क्लिप आणखी दोन ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘याला म्हणायचं डबल महाराष्ट्र केसरी!’ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला बरं वाटलं.

मी ती कुस्ती पाहिलेली नव्हती. क्लिप सुरू होत होती तीच मुळी कुस्ती संपल्यानंतर. तो पैलवान म्हणजे राजगुरुनगरचा शिवराज राक्षे. गादी विभागाच्या अंतिम लढतीत मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळनं त्याला चितपट केल्याचा निर्णय झाला. शिवराजचं म्हणणं होतं, माझे दोन्ही खांदे टेकलेले नाहीत, व्हिडिओ बघा. त्यानंतर कॉलर, त्यानंतर लाथ. पुढे किताबाच्या लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून मैदान सोडून गेला आणि पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. बातम्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसत होता : गालबोट. स्पर्धेला गालबोट लागलं.

हा शब्द आपण क्रीडापानांवर इतका वापरून गुळगुळीत केला आहे की त्याचा मूळ अर्थ विसरलो. तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतात, तो गालबोट. तो डाग नसतो, ती तजवीज असते. बघणाऱ्याची नजर त्या काळ्या ठिपक्यावर अडावी आणि चेहरा सुटावा, म्हणून तो लावायचा. बाळ स्वतः लावत नाही, घरचेच लावतात. क्रीडापानांवर मात्र गालबोट आपोआप ‘लागतं’. खेळाडूनं काही तरी केलं आणि देखण्या स्पर्धेला ते लागलं, असं वाक्य तयार होतं. माझ्या मते मूळ अर्थच इथं जास्त चपखल आहे. खेळाडूची बदनामी हा पुष्कळदा घरच्यांनी लावलेला ठिपका असतो. नजर त्याच्यावर अडते आणि चेहरा, म्हणजे संस्था, पंचगिरी, नियम, सगळं सुटतं.

आता हा चेहरा कसा आहे ते बघू. महाराष्ट्र केसरी १९६१पासून चालत आलेली आहे. मामासाहेब मोहोळांच्या नावाची चांदीची गदा खांद्यावर घेणं हे गावोगावच्या तालमीतल्या पोराचं स्वप्न असतं. अलीकडे मात्र राज्यात कुस्तीच्या दोन संघटना झाल्या. नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली, तिच्या अंतिम फेरीत सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी झाली, ती शिवराजनं जिंकली. एकाच महिन्यात एक माणूस महाराष्ट्र केसरी हरला आणि महाराष्ट्र केसरी झालाही. २०२५मध्ये तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. चहाच्या टपरीवर यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण असं विचारलं, तर उत्तराआधी ‘कुठल्या संघटनेचा?’ हा प्रश्न येतो. चेहऱ्याची ही अवस्था असताना आपली नजर कुठं अडली होती? एका लाथेवर.

मी हे तटस्थपणे लिहीत नाही. जानेवारी २०२३मध्ये महाराष्ट्र केसरी पुण्यात, कोथरूडला झाली, तेव्हा मी गर्दीत होतो. माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. त्या चार गुणांनी कुस्ती फिरली आणि सिकंदर हरला. माझ्या आजूबाजूचे निम्मे लोक ‘चार!’ म्हणून ओरडत होते, निम्मे ‘दोन! दोन!’ म्हणून. मी ‘चार’वाल्यांत होतो. घरी येऊन तीच टांग पाच-सहा वेळा मोबाइलवर पाहिली आणि माझा आवाज बसला. नियमानं प्रतिस्पर्ध्याला नुसतं खाली आणलं तर दोन गुण. फेकीत त्याची पाठ थेट गादीकडे वळली, म्हणजे तो धोक्याच्या स्थितीत आला, तर चार. पाठ किती वळली, कुठल्या क्षणी वळली, यावर सगळं. ते मैदानातून मला दिसलं नव्हतं, दिसणं शक्यही नव्हतं. तरी मी गळा फाडला होता. पुढच्या दिवसांत पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. धमकी देणाऱ्याची आणि माझी खात्री तितकीच आंधळी होती, एवढंच मला तेव्हा जाणवलं.

जत्रेतल्या जुन्या कुस्तीत हा घोळ कमी असे. कुस्ती चितपट व्हायची, नाही तर बरोबरीत सुटायची. ‘पाठीला माती लागली’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. माती हीच साक्षीदार, आणि चहूबाजूंनी बसलेलं गाव हे पंच. गुणांची कुस्ती आली आणि साक्षीदार बदलला. कोथरूडला माती होती, पण प्रश्न पाठ किती वळली हा होता आणि ते माती सांगू शकत नाही. अहिल्यानगरला प्रश्न खांदे टेकले का हा होता, पण खाली गादी होती आणि गादीचा डाग पाठीला लागत नाही. दोन्ही ठिकाणी साक्षीदार एकच उरतो, कॅमेरा. मग कॅमेऱ्यात काय दिसलं आणि त्यावरून निर्णय कसा झाला, हे कुणी तरी चार ओळींत लिहून सांगायला हवं. आपल्याकडे त्या चार ओळी येण्याआधीच लाथेची क्लिप घरोघर पोचते. शिवराजच्या वेळी बंदीची बातमी लगेच आली, खांद्याचा प्रश्न पुढच्या दिवसांवर गेला. आणि उशिरा आलेल्या उत्तराची क्लिप कुणी फॉरवर्ड करत नाही.

उलटं उदाहरणही आपल्याच घरातलं आहे. नरसिंग यादव, मुंबईत दूधधंदा करणाऱ्या माणसाचा मुलगा, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्य पोलिसांत उपअधीक्षक. २०१५मध्ये लास व्हेगासला जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्यानं ७४ किलो गटात भारतासाठी रिओची जागा आणली. सुशीलकुमारनं निवड चाचणीची मागणी केली, ती दिल्ली उच्च न्यायालयानं फेटाळली. जुलै २०१६मध्ये नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडल्याचं जाहीर झालं. कुणी तरी आपल्या खाण्यापिण्यात मिसळलं, असं तो म्हणाला. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या समितीनं १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली.

तेव्हा कुस्ती महासंघ नरसिंगच्या पाठीशी उभा राहिला आणि मीही षड्यंत्रवाल्यांत होतो. पोरगा आपला, निकाल परक्यांचा. नंतर लवादाची कारणं वाचली. नमुन्यातलं प्रमाण पेयात भुकटी मिसळण्यापेक्षा गोळी घेण्याशी जास्त जुळतं, असं तज्ज्ञांचं मत होतं आणि कटाचा ठोस पुरावा समोर आलेला नव्हता. हे वाचून कुणाला पटेल, कुणाला नाही. पण निदान भांडायला एक वाक्य हाती लागतं. नरसिंगला आपण निष्पाप ठरवलं ते न वाचता, आणि शिवराजला कलंक ठरवलं तेही न वाचता. एकाच्या वेळी कागद होता आणि आपण तो उघडला नाही. दुसऱ्याच्या वेळी कागदाची वाटच पाहिली नाही.

इथं कुणी म्हणेल, लाथ ती लाथ, तिला कसला कागद? बरोबर आहे. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, नाही तर उद्या शिट्टी हातात घ्यायला कुणी पुढे येणार नाही. शिवराजच्या खांद्यांबाबत तो खरा असला तरी लाथ माफ होत नाही. माझी तक्रार शिक्षेबद्दल नाही. शिक्षा झाली की गोष्ट संपली, असं आपल्याला जे वाटतं, त्याबद्दल आहे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये क्यूबाचा तायक्वांदोपटू आंखेल मातोस, सिडनीचा सुवर्णपदक विजेता, दुखापतीसाठी मिळणारा वेळ संपल्यामुळे बाद ठरला. त्यानं पंचांच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. पण त्याच दिवशी दुसऱ्या एका लढतीचा निकाल तक्रारीनंतर फिरवावा लागला होता, आणि २०१२च्या लंडन ऑलिम्पिकला तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक चिलखतं आणि तत्काळ व्हिडिओ तपासणी आली. लाथ मारणारा बाहेर गेला आणि पंचगिरीही बदलली. त्या खेळानं दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले. आपण दोन्हींची एकच मोळी बांधतो आणि खेळाडूच्या डोक्यावर देतो.

ती मोळी किती जड असते? पैलवानाची उमेदीची वर्षं मोजकी. त्याआधीची दहा-बारा वर्षं घरच्यांनी दूध, तूप, बदाम पुरवलेले असतात. कुठं म्हैस विकलेली असते, कुठं जमिनीचा तुकडा. जत्रेतली इनामं, सरकारी नोकरीची आशा, लग्नाची बोलणी, सगळं त्या गदेला टांगलेलं. त्यातली तीन वर्षं काढून घेणं ही मोठी गोष्ट आहे. ती योग्य असेल, तर तिचं कारणही तितकंच मोठं आणि स्वच्छ लिहिलेलं हवं. आणि या सगळ्यात पृथ्वीराज मोहोळचं नाव कुणी काढत नाही. त्याचा काय गुन्हा? त्यानं डाव टाकला, पंचांनी निर्णय दिला. खांद्यांचा खुलासा त्याच रात्री पडद्यावर दाखवून झाला असता, तर सगळ्यात जास्त फायदा त्याचा होता. त्याच्या गदेबरोबर आता ती क्लिप कायमची जोडली गेली.

क्रीडालेखनाकडून म्हणूनच माझी एक साधी अपेक्षा आहे. बदनामीची बातमी लिहिताना बातमीदारानं क्लिपच्या आधीचा मिनिट लिहावा. कुठला डाव होता, नियम काय म्हणतो, मॅट चेअरमन काय म्हणाले, पुन्हा बघण्याची मागणी झाली तेव्हा काय उत्तर मिळालं. मग खुशाल लाथेवर या. तो मिनिट लिहिणं अवघड असतं, कारण तिथं कुस्ती कळावी लागते. लाथ सगळ्यांनाच कळते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा भावंडांच्या ग्रुपवर मागे जाऊन माझा तो मेसेज शोधला. हसरे चेहरे अजून होते. खाली लिहिलं, ‘त्या दिवशी दोन्ही खांदे टेकले होते का, कुणी पाहिलं होतं?’ बराच वेळ उत्तर नाही. मग धाकट्या चुलतभावानं विचारलं, ‘कसले खांदे, दादा?’