कॅमेरा चालू म्हणजे लक्ष आहे?

संशोधन पद्धतीवरच्या ऑनलाइन कार्यशाळा तुम्हीही केल्या असतीलच. अशाच एकीत सर दर दहा मिनिटांनी विचारायचे, ‘समजलं ना?’ चॅटमध्ये लगेच ‘यस सर’ची रांग. त्यात मीही होते. कॅमेरा बंद, हातात मेथीची जुडी. हजेरीत मात्र मी पूर्णवेळ सहभागी!

त्याच कार्यशाळेत एक स्लाइड होती : ‘ऑनलाइन शिकणाऱ्याचं लक्ष सहा मिनिटंच टिकतं.’ या आकड्यासाठी गुओ, किम आणि रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. मूळ लेख उघडून बघा. एडएक्सच्या ४ अभ्यासक्रमांतली, व्हिडिओ पाहिल्याची सुमारे ६९ लाख सत्रं त्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक फार तर ६ मिनिटं निघाला.

अभ्यास भक्कम आहे, वापर चुकीचा. एक तर ते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते, थेट वर्ग नव्हे. दुसरं, मोजला गेला तो पाहण्याचा वेळ, लक्ष नव्हे. खरा सहभाग असा मोजता येत नाही, हे लेखकांनीच मान्य केलंय. म्हणून त्यांनी आणखी एक निकष घेतला : व्हिडिओनंतरचा प्रश्न विद्यार्थ्याने सोडवायला घेतला का? स्लाइडवर नेमका हाच निकष गळतो.

फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये सहभागाचे तीन प्रकार मांडले : वर्तनात्मक, भावनिक आणि बोधात्मक. कॅमेरा, हजेरी, ‘यस सर’ हे सगळं पहिल्यात जातं. डोकं चालतंय का, हे त्यातून कळत नाही.

त्या दिवशी माझं डोकं एकदाच चाललं. सर म्हणाले, ‘तुमचं गृहीतक एका वाक्यात लिहा. दोन मिनिटं मी गप्प.’ मेथी बाजूला ठेवली. लिहायला बसले तर कळलं, माझ्याकडे गृहीतकच नाही, नुसता विषय आहे! पुढचे तीन महिने त्यातच गेले. पण ते दोन मिनिटांचं काम नसतं, तर हे थेट मौखिक परीक्षेत उघडं पडलं असतं.

तेव्हा ऑनलाइन सहभागावर आराखडा लिहिणार असाल, तर आधी ठरवा : तुम्ही नेमकं काय मोजणार? चॅटमधले संदेश मोजणं सोपं आहे. पण माझा ‘यस सर’ही त्यातच मोजला जाईल, हे लक्षात ठेवा.