क्लिंगॉनचा ड

क्लिंगॉन भाषा 'कर्कश' आहे, हे इतक्यांदा लिहून झालंय की तो तिच्या व्याकरणातलाच एखादा नियम वाटावा. 'स्टार ट्रेक'मधल्या लढवय्या परग्रहवासीयांची ही भाषा. १९७९च्या पहिल्या चित्रपटासाठी जेम्स डूहान या अभिनेत्याने तिचे चार-दोन शब्द रचले होते. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाने त्यांवर अख्खी भाषा उभी केली आणि १९८५मध्ये तिचा शब्दकोश आला. २१ व्यंजनं, ५ स्वर.

ही व्यंजनं मी आपल्या वर्णमालेच्या चौकटीत मांडून पाहिली. रोमन लिपीत जे दिसत नाही ते इथे लगेच दिसतं: रिकाम्या जागा. क-वर्गात क नाही, ग नाही. ङ मात्र आहे आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. (क नाही, म्हणजे 'क्लिंगॉन' हे नाव क्लिंगॉनमध्ये उच्चारताच येत नाही. आपल्या भाषेचं नाव ते त आणि ल एकत्र घासून काढलेल्या एका ध्वनीने सुरू करतात.) च आहे, पण चिमटीतला, चाकातला नाही. स नाही, श नाही, आहे तो पोटफोड्या ष, आणि तोही खराखुरा, जीभ मागे वळवून केलेला. मराठीने जो लिपीत सांभाळला आणि तोंडातून घालवला, तोच.

आणि मग ट-वर्ग. इथे एकटा ड. त्याचा अघोष जोडीदार म्हणून 'टी' आहे, पण तो इंग्रजीसारखा, दातांच्या मुळाशी जीभ टेकवून केलेला. म्हणजे घोष एका घरात, अघोष शेजारच्या. द नाही, ण नाही, ळ नाही. मानवी भाषा साधारणपणे एक जागा सापडली की तिथे दोन-तीन ध्वनी वसवतात. ओक्रँडने मुद्दाम तसं होऊ दिलं नाही. एरवी एकत्र न नांदणारे ध्वनी त्याने शेजारी आणून बसवले. क्लिंगॉनचं परकेपण मला या विस्कटलेल्या चौकटीत दिसतं, आणि ही रचनाकाराची खरी करामत आहे. समीक्षा मात्र घशापाशीच अडकली.

कारण ऐकणारा कान इंग्रजी होता. ज्यांच्या भाषेत मूर्धन्य ड नाही त्यांना तो राकट वाटला. लेखनानेही त्यात भर घातली: इंग्रजीला अनोळखी ध्वनी दाखवायला कोशात मोठी अक्षरं वापरली आहेत, त्यामुळे शब्दाच्या मधेच डी, एस, क्यू अंगावर धावून आल्यासारखे दिसतात. तोच ड आपल्याकडे डबा, डाळ, डुलकीत आहे. डुलकी कुणाला कर्कश वाटते?

पण यावर आपण फार खूश होण्याचं कारण नाही. आपल्याकडे 'पानी' म्हटलं की माणसाचं गाव, जात, शिक्षण सगळं ठरवून टाकणारे कान आहेतच. न आणि ण यांत सुसंस्कृत असं काही नसतं. ते कोण बोलतं यावरून आपण ठरवतो. 'बाहुबली'तल्या (२०१५) कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी रचली, तेव्हा क्रूर टोळीच्या तोंडी जिभेचे चटकारे आले. दक्षिण आफ्रिकेत खोसा आणि झुलू भाषांत अशाच चटकाऱ्यांनी बाजारहाट चालतो.

क्लिंगॉनमधला तो त-ल घासलेला ध्वनीही असाच कुणाच्या तरी घरातला आहे. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेच्या नावाचा शेवट त्यानेच होतो. ओक्रँड हे सगळं जाणून होता. चित्रपटाआधी, १९७७मध्ये, त्याने बर्कलीला प्रबंध लिहिला तो कॅलिफोर्नियातल्या मुत्सून या मूळनिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती, असेन्सिऑन सोलोर्सानो, १९३०मध्ये गेली होती. त्याच्या हाती होत्या त्या जुन्या नोंदी. परग्रहावरचं काहीतरी ऐकल्याचा आनंद प्रेक्षकांना ज्या ध्वनींनी दिला, त्यांच्यासारखे ध्वनी अमेरिका खंडातल्याच भाषांत होते, आणि त्या भाषा ऐकायला थिएटरात कुणी गेलं नव्हतं. याचा दोष मी ओक्रँडला देणार नाही. त्याने आधी मुत्सूनचं काम केलं होतं. आज मुत्सून समाजातली माणसं ती भाषा पुन्हा शिकताहेत, आणि त्यांच्या हाताशी असलेल्या साधनांत तो प्रबंधही आहे.