मामा तलाव : शेतीच्या एका रचनेचे रसग्रहण

भंडारा जिल्ह्यातला माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचा मामा तलाव, वाचायचा तर पाळीपासून सुरुवात करावी. ही मातीची पाळ उगाच लांब धावत नाही. दोन उंचवट्यांमधली वाट जिथे अरुंद होते, नेमकी तिथे ती घातलेली असते. थोड्या मातीत जास्त पाणी अडते. मोजणीची यंत्रे नसताना उताराची ही पारख कोहळी समाजाने कमावली. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनीचे हक्क दिले आणि साकोली, लाखनी, लाखांदूरच्या मुलखात गावोगावी पाणी साठले.

मग नजर पाळीखाली न्यावी. तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या तोंडातून, सुटलेले पाणी पाटाने पहिल्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) येते, ती भरली की खालच्या बांधीत उतरते. वरच्या शेजाऱ्याकडून घ्यायचे, खालच्याला द्यायचे, अशी ही शेती एकट्याने करताच येत नाही. पाणी कधी आणि कोणाला सोडायचे, हे गावाने मिळून ठरवावे लागे. जिल्ह्यात पाऊस भरपूर, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबरात संपतो. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची लोंबी भरते ऑक्टोबरात. त्या मोक्याच्या दिवसांत एखादे पाणी कमी पडले तर रोवणीचे सारे कष्ट वाया जातात. तलाव आहे तो या दिवसांसाठी.

पण रचनेतली खरी गंमत काठाच्या उथळ पाण्यात आहे. तिथे देवधान उगवते. हे रानटी धान. त्याचा दाणा पिकताच गळतो. पाळीखालच्या बांधीतला दाणा मात्र विळा येईपर्यंत लोंबीला धरून राहतो. धानाची शेती या फरकातून घडली. लोंबीवर टिकलेले दाणे माणसाच्या हाती जास्त लागले, तेच पुन्हा पेरले गेले आणि हजारो वर्षांत रानगवताचे पीक झाले. चीनमधल्या यांगत्से खोऱ्यात ही वाटचाल सुमारे 9,000 वर्षांपूर्वी सुरू होती. तिची दोन्ही टोके इथे एकाच पाळीच्या दोन बाजूंना दिसतात. पुढचा टप्पा, शेतीच्या आधारे नगर वसण्याचा, तोही दूर नाही. वैनगंगेकाठच्या पवनीत 1969-70 च्या उत्खननात मोठे बौद्ध स्तूप उजेडात आले. खाऊन उरणारे धान्य असल्याशिवाय असे नगर वसत नाही.

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभालीतला गावाचा हात सैल झाला. आज गाळ काढण्याची कामे होतात, ती हवीतच. पण यंत्राने काठ उभा कापला की उथळ पाणी जाते, देवधान जाते आणि तिथे चरायला येणारा सारसही जातो. काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती : गाळ काढा, पण काठाचा उतार राखा.