वेलस्ली : कुळ एक, आडनावे तीन

आसईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, आणि वसईच्या तहाच्या वेळी गव्हर्नर-जनरल असलेला त्याचा थोरला बंधू रिचर्ड, हे दोघेही मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. आपल्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख सहसा ‘इंग्रज’ असाच होतो. वस्तुतः ते आयर्लंडातील मीथ परगण्याच्या जमीनदार घराण्यातले. या घराण्याची वंशकथा साहित्याच्या अभ्यासकानेही वाचण्याजोगी आहे, कारण कागद कोठे संपतो आणि कथा कोठे सुरू होते हे तीत स्पष्ट दिसते.

कथा अशी : ११७१ साली दुसरा हेन्री आयर्लंडात उतरला, तेव्हा त्याचा ध्वज वाहणारा वीर हा या कुळाचा मूळपुरुष, त्याचे गाव इंग्लंडच्या सॉमरसेटमधील वेल्सजवळचे वेलस्ली. सरदार घराण्यांच्या वंशावळी छापणाऱ्यांना अशी सुरुवात फार प्रिय असते. हा ध्वजधारी खराच होऊन गेला असे क्षणभर मानू. तरी आसईच्या विजेत्याच्या पितृवंशात तो बसत नाही.

कारण आर्थरचा आजोबा जन्माने वेस्ली नव्हताच. तो किल्डेअर परगण्यातील कार्बरीचा रिचर्ड कॉली. गॅरेट वेस्ली हा त्याचा नातलग निपुत्रिक वारला, डँगन व मॉर्निंग्टनची मालमत्ता रिचर्डकडे आली आणि १७२८ साली त्याने कॉली हे आडनाव टाकून वेस्ली हे धारण केले. पुढे १७४६ मध्ये तो बॅरन मॉर्निंग्टन झाला. म्हणजे जमिनीच्या मागोमाग आडनाव आले, आणि आडनावाच्या मागोमाग तो ध्वजधारी! सरकारी दप्तरात वारसनोंदी तपासण्यात हयात गेलेल्या माणसास यात नवल वाटत नाही. नवल वाटते ते मालमत्तेची नोंद रक्ताची नोंद म्हणून वाचणाऱ्या चरित्रकारांचे.

या गॅरेटने आधी आपला वारस म्हणून मेथडिस्ट पंथाच्या चार्ल्स वेस्लीला विचारले होते व त्याने नकार दिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर केवळ एका नकारामुळे डँगनचा वारसा कॉलींकडे वळला.

दत्तकाची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला हा व्यवहार परका वाटू नये. आपल्याकडे दत्तकविधान उघडपणे होते आणि दत्तकपुत्राचे गोत्रही बदलते. तिकडे धार्मिक विधी नव्हता. केवळ नाव बदलले. अशा घराण्याचे पुरुष ज्या सत्तेचे आधारस्तंभ होते, त्याच सत्तेने १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले, हे येथे नोंदवणे भाग आहे.

अक्षरांचाही फेरफार झाला. वेस्लीचे ‘वेलस्ली’ हे जुने रूप रिचर्डने आधी उचलले. आर्थर १७९८ पासून तशी सही करू लागला. आर्थरचे जन्मस्थळसुद्धा वादग्रस्त आहे. कोणी डब्लिनमधील मेरियन स्ट्रीट म्हणतात, कोणी डँगन. तो स्वतः १ मे १७६९ हा जन्मदिवस पाळी. डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चच्या नोंदवहीत मात्र बाप्तिस्मा ३० एप्रिलचा आहे.

जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार यादवी युद्धात भस्मसात झाले आणि आयर्लंडच्या कित्येक शतकांच्या कागदपत्रांची राख झाली. मात्र प्रत्येक वंशावळीतील पोकळीचे खापर त्या आगीवर फोडणे योग्य नव्हे. जे. होरेस राउंड या साक्षेपी टीकाकाराने १९०१ च्या आपल्या ग्रंथात सरदार घराण्यांच्या बनावट पूर्वजांचा कठोर समाचार घेतला होता. म्हणजे अभिलेखागार शाबूत असतानाही हे पूर्वज छापले जातच होते.

कॉलींचे पूर्वज सोळाव्या शतकात डब्लिनच्या राजसेवेत होते. जमीन त्यांनी सरकारी नोकरीतून मिळवली. ध्वजधाऱ्यापुढे हे मूळ फिके दिसते, पण त्याला कागदाचा आधार आहे. आणि घरातील सर्वांनीच ते नाकारले असेही नाही : आर्थरचा धाकटा भाऊ हेन्री याला १८२८ मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा त्याने ‘बॅरन काउली’ हा किताब घेतला. काउली हे कॉलीचेच जुने लेखन होय.