सुकाणू कुणाचे?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आलो. लाँच लावताना खलाशी एकमेकांना ओरडून जे सांगत होते, त्यातले निम्मे मला कळले नाही. जे कळले, त्यातले बरेचसे परदेशी होते. ‘खलाशी’ अरबी. ‘सुकाणू’ म्हणजे अरबी ‘सुक्कान’. ‘नाखवा’ म्हणजे फार्शी ‘नाखुदा’, नावेचा धनी.

मोल्सवर्थपासून (१८३१) माधवराव पटवर्धनांच्या ‘फार्शी-मराठी कोशा’पर्यंत (१९२५) आपले कोशकार शब्दाचे मूळ सांगतात, तो आला त्या वाटेबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यामुळे ‘दप्तर’ आणि ‘नाखवा’ एकाच फार्शी खात्यात पडतात. दप्तर दरबारातून, लेखणीच्या वाटेने आले. त्याचा आकार बव्हंशी शाबूत राहिला. नाखुदा मात्र, मला वाटते, परमुलखातल्या बंदरांवर कानांनी उचललेला. म्हणूनच त्यातला ‘खुदा’ झिजून गेला आणि नाखवा कोळ्यांच्या घरचा झाला.

हा भेद किरकोळ नाही. पटवर्धनांनीच पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) लिहिला. परके शब्द सत्तेने लादले, हा शुद्धिवाद्यांचा ठेवणीतला युक्तिवाद. दरबारी शब्दांपुरता तो मान्य करू. पण खलाशांवर सुकाणू कुणी लादले? ते त्यांनी गरजेपोटी, आपखुशीने आणले. संस्कृतात सुकाणूला ‘कर्ण’ आहे, त्यावरूनच ‘कर्णधार’. तो क्रिकेटच्या मैदानावर गेला. (सुकाणू समित्या राजकीय पक्षांनी नेमल्या, ते वेगळेच.) लाँचवर कर्णधार म्हणून हाक मारली तर कुणी वळूनही पाहणार नाही.

आणि मला न कळलेले ते निम्मे शब्द? ते घरच्या कोशांत मला अजून सापडलेले नाहीत.