भिंतीवरचा तक्ता आणि पातेल्यातली खिचडी

शाळेच्या भिंतीवर आहाराचा तक्ता बहुधा असतोच. त्यात अन्नाचे तीन गट पाडलेले असतात. भात, भाकरी, चपाती, साखर हे ‘ऊर्जा देणारे’. डाळी, दूध, अंडी ‘शरीराची बांधणी करणारे’. भाज्या आणि फळे ‘संरक्षण करणारी’. तक्ता सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपा आहे. पण तो कितपत खरा आहे?

हे तपासायला प्रयोगशाळा नको, शाळेतल्या खिचडीचे पातेले पुरे. पोषण आहार योजनेच्या प्रमाणानुसार सहावी ते आठवीच्या मुलाला दररोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ मिळायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांत १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. हिशेब करा. तांदळातून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि डाळीतून साडेसहा. ज्याला तक्त्याने नुसते ‘ऊर्जा देणारे’ म्हटले, त्यानेच बांधणीचा अधिक माल पुरवला! कारण उघड आहे. धान्यात प्रथिने कमी असली तरी ते आपण पुष्कळ खातो.

तक्त्याचा दुसरा दोष असा, की सडलेले आणि न सडलेले धान्य तो एकाच चित्रात बसवतो. बारामती तालुक्यातले माळेगाव बुद्रुक पाहा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस वाढला, साखर कारखाना उभा राहिला. तालुक्याच्या जिरायत भागात मात्र अजून ज्वारी-बाजरी होते. अशा गावात एकाच घरी गिरणीतून दळून आणलेल्या ज्वारीची भाकरी असते आणि चहाबरोबर मैद्याची खारी, टोस्ट, बिस्किटेही असतात. भाकरीत दाण्याचा कोंडा, अंकुर आणि पिठाळ गर हे तिन्ही भाग येतात. मैद्यात उरतो जवळजवळ नुसता गर. साखरेत तर प्रथिने नाहीतच. तक्त्यात मात्र ही सगळी मंडळी शेजारी शेजारी बसलेली!

इथे दुसऱ्या टोकाच्या दाव्यालाही आवर घालायला हवा. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हापासून ‘अखंड धान्य खा, स्नायू कमवा’ अशा थाटाचा प्रचार वाढला आहे. आकडे काय सांगतात? १०० ग्रॅम कणकेत सुमारे १०.६ ग्रॅम प्रथिने असतात आणि मैद्यात सुमारे १०.४. ज्वारीतही दहाच्या आसपास. प्रथिनांपुरता फरक नगण्य आहे. खरा फरक इतरत्र आहे. तंतुमय पदार्थ कणकेत सुमारे ११ ग्रॅम, तर मैद्यात तीनपेक्षा कमी. लोह ४ मिलिग्रॅमवरून पावणेदोनवर येते, मॅग्नेशियम तर चौथाईवर. कोंड्यातल्या फायटिक आम्लामुळे यातले सगळे लोह आणि जस्त अंगी लागत नाही, हेही खरे. तरीही कोठा साफ राहणे, रक्तातली साखर सावकाश चढणे आणि स्नायूंच्या कामाला लागणारी ब गटातली जीवनसत्त्वे मिळणे यांसाठी कोंडा-अंकुरासह धान्य निश्चित सरस आहे. पण नुसत्या कोंड्याने दंड भरत नाहीत. त्यासाठी स्नायूंवर ताण देणारा व्यायाम, पुरेसे अन्न, विश्रांती आणि योग्य प्रथिने लागतात.

‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली काही शरीराला तयार करता येत नाहीत. लायसिन हे त्यांपैकी एक. प्रौढ माणसाच्या आहारातल्या दर १०० ग्रॅम प्रथिनांत साधारण साडेचार ग्रॅम लायसिन हवे, मुलांना थोडे जास्तच. ज्वारीच्या प्रथिनांत ते सव्वादोनच्या आसपास भरते. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत सहाहून अधिक असते. लायसिन कमी पडले की उरलेली अमिनो आम्ले बांधणीला न वापरता जाळली जातात. विटा भरपूर आणि सिमेंट संपलेले, अशी गत होते. भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण ही जोडी म्हणूनच मोलाची आहे. डाळ स्वतःची प्रथिने तर देतेच, शिवाय धान्यातली प्रथिने कामी लावते.

तक्त्याने हीच गोष्ट झाकली, आणि नुकसान इथेच आहे. ‘भाकरीत नुसती ऊर्जा’ असे शिकलेला व्यायामशाळेतला मुलगा घरचे ताट सोडून महागड्या पावडरच्या डब्याकडे वळतो. ‘भाकरीतच सगळी ताकद’ असे ऐकलेल्या घरी आमटी पातळ झाली तरी कोणाला काही वाटत नाही. खिचडीतली डाळ कमी पडली, तर मुलाचे नुकसान डाळीच्या साडेसहा ग्रॅमांपुरते राहत नाही. तांदळाच्या बारा ग्रॅमांचाही पुरता उपयोग होत नाही.

तक्ता फाडून टाकायचे कारण नाही. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावा. आदल्या दिवशी काय आणि किती खाल्ले, ते मुलांना लिहू द्या. प्रत्येक पदार्थातून प्रथिने किती आली, कोंडा कशात होता, भाकरीला जोडीदार कोण होता, हे त्यांनीच काढावे. एखाद्या मुलाच्या कागदावर जोडीदाराची जागा रोज रिकामी दिसली, तर ते शिक्षकाला कळायलाच हवे. भिंतीवरचा तक्ता ते कधीच सांगणार नाही.